बॉलची ओंजळ

पिवळ्या कापसावर पांढरा कापूस पसरला की पिवळा दिसत नाही, असं मला एकदा वाटलं होतं. वय पंचेचाळीस, दोन लेकरांची लग्नं उरकलेली, सगळा जन्म पऱ्हाटीत गेलेला, आणि तरीही वाटलं. दुधावर साय यावी तसा तो पांढराफेक कापूस मी वरून नीट पसरला, दोन पावलं मागं सरून पाहिला आणि स्वतःवर खूश होऊन चहा मांडला. साखरही जास्त टाकली. त्या चहाची आठवण झाली की मला अजून हसू येतं.

आठवण व्हायला कारण माझी नात. ती यवतमाळला कॉलेजात शिकते आणि सुट्टीत आली की मोबाइलवर परदेशातले फुटबॉलचे सामने पाहत बसते. परवा सांगत होती, तिकडं जुने जुने क्लब दुसऱ्याच देशातले धनवान विकत घेतात, पाण्यासारखा पैसा ओततात. पण तिथं म्हणे नियम आहे, क्लबानं जेवढं कमावलं तेवढंच उडवायचं. मग काही जण मालकाचाच पैसा क्लबाची कमाई म्हणून दाखवतात, आणि सापडले की गुण कापले जातात. मी विचारलं, "वरून पसरला होता का मिसळला होता?" तिला काही समजेना. तिला जे सांगितलं तेच इथं लिहिते आहे. फक्त तिला सांगताना शेवट गाळला होता, तो इथं लिहीन.

आमच्या गावात फुटबॉल आणला कामठीच्या छावणीत नोकरी करून आलेल्या एका म्हाताऱ्यानं. तो मेला, खेळ राहिला. गायरानातला एक सपाट तुकडा हे मैदान, तुरीच्या काड्या, तुऱ्हाट्या, रोवून केलेले गोल, आणि अनवाणी पोरं. संक्रांतीनंतर आसपासची बारा गावं आणि बंजाऱ्यांचे दोन तांडे मिळून सामने भरवत. त्या सामन्यांना एकच कडक नियम होता. फार मागं एका गावच्या मालदार माणसानं नागपूरहून खेळाडू आणून सगळ्यांना धूळ चारली होती. त्यावर सगळ्या गावांच्या पंचांनी ठरवलं, गावानं वेचलं तेवढंच गावानं खेळात घालायचं.

वेचलं म्हणजे खरंच वेचलं. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, होऊन पहिली वेचणी लागली की गावातली प्रत्येक वेचणारी बाई आपल्या ओटीतून एक ओंजळ कापूस बाजूला काढायची. तिला आम्ही बॉलची ओंजळ म्हणायचो. वावर कोणाचंही असो, बाई कोणत्याही वस्तीतली असो, मजुरी किलोवर असली तरी ती ओंजळ काट्यावर चढायची नाही. त्या ओंजळींची गंजी एका घरी ठेवायची. सामन्यांच्या आधी पंच गावोगाव फिरून गंजी पाहत, त्यांच्यासमोरच ती विकली जाई, आणि जे हाती येईल त्यात बॉल, जेवण, गाडीभाडं सगळं बसवायचं. वरचा एक पैसा लावला तर गाव बाद. आमच्या गावची गंजी माझ्या घरच्या कोठ्यात असायची. कारण एवढंच की आमचा कोठा गळत नव्हता. पण मला वाटायचं, माझ्यात काही विशेष आहे.

आणि आमच्या पोरांना शिकवायचा माझा नवरा. शाळेत मास्तर नव्हता, शेतकरीच होता, पण सगळे मास्तर म्हणायचे. सामन्यात पंचाची शिट्टीही त्याच्याच तोंडात असायची, आपलं गाव खेळत असलं तरी. दुसरी गावं त्याला हरकत घेत नसत. पितळेची शिट्टी, काळ्या दोरीत ओवलेली. एकदा त्यानं आपल्याच सख्ख्या भावाला मैदानाबाहेर काढलं होतं. धाकटी जाऊ त्यावरून आठ दिवस माझ्याशी बोलली नव्हती, जणू शिट्टी मीच फुंकली होती.

मग ती वर्षं आली. एका वर्षी भाव पडला, दुसऱ्या वर्षी अळी आली. हिरवंगार बोंड हातात घ्यावं, दाबावं, तर आत कुजकं. फुटलं ते बोंड कवडीचं, म्हणजे पिवळं, डागाळलेलं, सरकीला चिकटलेलं. व्यापारी त्यात बोट घालायचा आणि ते बोट धोतराला पुसायचा. त्या दिवाळीपासून नवरा घरात बोलायचा थांबला. भांडण नाही, राग नाही. ताट ठेवलं तर जेवायचा, पाणी दिलं तर प्यायचा. मी काही बोलले तर माझ्याकडं पाहायचा, पण घर रिकामं असताना बाहेरून हाक आली तर आपण जसं दाराकडं पाहतो, तसं. आसपासच्या गावांतून बातम्या येत होत्या. कुठल्या, ते आमच्या जिल्ह्यात सांगावं लागत नाही. फवारणीच्या औषधाचा डबा मी जावेच्या माळ्यावर नेऊन ठेवला. तिला सांगितलं, आमच्या घरात उंदीर झालेत, डबा कुरतडतील. पत्र्याचा डबा. तिनं काही न विचारता शिडी लावली.

एक गोष्ट मात्र चालू होती. रोज सकाळी सहाला तो उठायचा, मैदानावर जायचा आणि शिट्टी वाजवायचा. मी चुलीपाशी वेळूची फुंकणी हातात धरून बसायचे. शिट्टी ऐकू येईस्तोवर फुंकायचे नाही, धूर डोळ्यांत जायचा. शिट्टी वाजली की आजचा दिवस आहे, असं मानून पीठ मळायला घ्यायचे. त्याला कधी विचारलं नाही, तुम्हाला काय होतंय. विचारलं आणि त्यानं सांगितलं तर काय करू, याची भीती वाटायची.

त्या साली वेचणी झाली आणि बायांनी ओंजळी आणल्या. लाजत आणल्या. पदराखाली झाकून आणलेली कवडी कोपऱ्यात टाकायच्या आणि न बोलता जायच्या. गंजी म्हणावी असं काही झालंच नाही, मांजर निजावं एवढा ढीग. त्यात बॉलसुद्धा बसत नव्हता, आणि जुना बॉल तर फाटून त्याचं ब्लॅडर बाहेर आलं होतं. नवऱ्यानं कोठ्यात येऊन ढीग पाहिला, बाहेर जाऊन शिट्टी खुंटीला अडकवली. दुसऱ्या दिवशी सहा वाजले, शिट्टी नाही. तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी मी फुंकणी चुलीत घातली आणि ती जळाली, तेव्हा मला कळलं की मी चुलीकडं नाही, खुंटीवरच्या शिट्टीकडं पाहत होते.

त्याच आठवड्यात विलायतवाला आला. आर्णीकडं त्याच्या आजाची सरकी काढायची जुनी जिनिंग होती, ती जागा विकायला आला होता. जन्म तिकडचा, कागद तिकडचे, बोली तिकडची. आजाचं नाक तेवढं इकडचं. सोबत जमिनीचा एक दलाल, तोच दुभाषा. गाडीतून जाताना त्यानं आमची पोरं चिंध्यांचा बॉल लाथाडताना पाहिली आणि गाडी थांबवली. दलालानं समाजमंदिरात सगळ्यांना जमवून सांगितलं की साहेबांच्या देशात मोठमोठे लोक क्लब विकत घेतात, अरब घेतात, अमेरिकेवाले घेतात. साहेबांनाही हौस आहे, पण तिकडचे क्लब त्यांच्या आवाक्याबाहेर. इकडचा घ्यायचा विचार आहे. नवा बॉल, नवे बूट, नवे कपडे. छातीवर त्यांच्या कंपनीचं नाव. मालक कोण?

सगळे एकमेकांकडं पाहू लागले. क्लबाला मालक असतो हेच कोणाला ठाऊक नव्हतं. बायांच्या ओंजळी, पोरांचे पाय, गायरानाची माती, यात मालक कुठून काढायचा? माझा नवरा मागं भिंतीला टेकून बसला होता, मान खाली. मी त्याच्याकडं पाहिलं आणि उभी राहिले.

म्हटलं, "मी."

जावेनं मला असा चिमटा काढला की दंड आठ दिवस निळा होता. पण शहाणीला थांबवणार कोण. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली सही मी इंग्रजी कागदावर केली, खाली दोन टिंबं आणि एक रेघसुद्धा काढली. त्यानं काय दिलं ते सांगत नाही; नातीच्या मोबाइलपेक्षा कमीच. मी एकच अट घातली. सकाळची शिट्टी वाजली पाहिजे. दलालानं ती सांगितली, विलायतवाला हसून मान हलवत राहिला. त्याला वाटलं असेल, बाई मोठी भोळी आहे. बरोबरच वाटलं.

मग दलालाला पंचांचा नियम कळला. विलायतवाल्यानं कपाळाला हात लावला. म्हणे, तिकडंही हेच, खर्चाला वेसण, आणि इथं खेड्यातही तेच? पैसा माझा, मी उडवीन, कोणाच्या पोटात दुखतं? तो निघून जाणार असं दिसलं, आणि मला त्या बिनशिट्टीच्या सकाळी आठवल्या. तेव्हा अक्कल चालवली मी, दुसऱ्या कोणी नाही. दलालाला बाजूला घेऊन सांगितलं, खर्च गंजीएवढाच करायचा ना, मग गंजीच वाढवू.

पांढरकवड्याहून टेम्पो ठरवला आणि पैनगंगेपल्याड गेले. तिथं एका ओलिताच्या वावरात अळी पोचली नव्हती. कापूस असा की डोळे दिपावेत. विलायतवाल्याच्या पैशांनी तो विकत घेतला, ताडपत्री घातली, वर कडब्याच्या पेंढ्या रचल्या आणि त्या पेंढ्यांवर मी स्वतः बसले, डोक्यावरून पदर घेऊन, भर दुपारी. वाटेत एकानं विचारलं, बाई, कडबा कुठून आणून राह्यल्या? मी म्हटलं, माहेरून. माझं माहेर बरोबर उलट्या दिशेला आहे, आणि विचारणारा माझ्याच माहेरचा होता.

घरी आले, कोठ्याचं दार लावलं आणि पांढरा कापूस पिवळ्यावर ओतला. पुढचा चहा सांगितलाच आहे.

गंजी विकली की हिशेबात बसवू म्हणून मैदानावर आधीच नवा बॉल आला. पोरांच्या पायांत बूट आले आणि पहिल्या दिवसापासून फोड आले. दोघंतिघं बूट गळ्यात अडकवून खेळू लागले. पोरांच्या छातीवर इंग्रजी नाव झळकलं. आणि सोमवारी सकाळी बरोबर सहाला शिट्टी वाजली. मी धावत अंगणात आले.

नवरा बाजेवर होता. भिंतीकडं तोंड करून.

शिट्टी नव्या कोचाची होती. विलायतवाल्यानं नागपूरहून पगारी माणूस आणला होता, ट्रॅकसूटातला. मास्तरचं काय, असं पोरांनी विचारलं तर दलाल म्हणाला, त्यांनी आता आराम करावा, वय झालं. अट पाळली होती बरं का. सकाळची शिट्टी वाजली पाहिजे, एवढंच मी म्हटलं होतं. कोणाची, ते म्हटलं नव्हतं. पुढं रोज सहाला ती नवी प्लास्टिकची शिट्टी वाजायची, तीक्ष्ण, आणि प्रत्येक वेळी नवऱ्याची पाठ जराशी हलायची, कोणी खडा मारल्यासारखी. आधी तो निदान उठत होता. तेही मी विकून आले होते. जावेच्या माळ्याकडं माझी नजर दिवसातून दहा वेळा जाऊ लागली. जेवण जाईना. रात्री त्याचा श्वास ऐकत पडायचे आणि दिवसा लोकांत हसून सांगायचे, आता आमचं गाव पहिलं येते, पाहजा.

पंच आले ते पंधरा दिवसांनी. त्यांच्यात सगळ्यांत मोठे एका तांड्याचे प्रमुख, नायक, म्हातारे, कानात बाळ्या. त्यांच्या पूर्वजांनी बैलांवर लादून माल देशोदेशी नेलेला, आणि बोटांना कापूस कळणं हे त्यांच्या घरात पिढ्यांचं. कोठ्यापुढं सगळं गाव जमलं. वेचणाऱ्या बाया, पोरं, नवा कोच, दलाल. नवऱ्यालाही कोणीतरी हाताला धरून आणलं होतं. मी कुलूप काढलं, दार उघडलं, आणि आतून नुसता उजेड बाहेर आल्यासारखं झालं.

नायक पुढं झाले. गंजीपाशी बसले, चिमूटभर कापूस घेतला, धागा ओढून पाहिला. मग मला विचारलं, "बाई, हा कापूस कोन्या वावरातला?"

म्हटलं, आमच्याच गावचा.

ते म्हणाले, मी तेरा गंज्या पाहून आलो, माझ्या स्वतःच्या तांड्याचीसुद्धा पिवळी आहे. तुमच्याच शिवारात अळी आली नाही का?

म्हटलं, आमच्या बाया निवडून वेचतात.

त्यांनी मग कोपरापर्यंत हात गंजीत घातला, तळातून मूठभर कवडी वर काढली आणि डाव्या तळहातावर ठेवली. उजव्यावर पांढरा. दोन्ही तळहात त्यांनी लोकांपुढं धरले. मला दरडावलं असतं तर मी भांडले असते, भांडायची तयारी होतीच. पण ते माझ्या नवऱ्याकडं वळले आणि शांतपणे म्हणाले, "मास्तर, तुमच्या घरची गोष्ट हाये. तरी निकाल तुमीच द्या. तुमच्यावर आमचा भरोसा हाये."

मी नवऱ्याकडं पाहत होते. मनात म्हणत होते, बोला, माझ्याविरुद्ध बोला, पण बोला. तो उठला. बंडीच्या खिशात हात घातला. खुंटीवरची शिट्टी त्यानं खिशात केव्हा घातली होती, मला ठाऊक नाही. तोंडाला लावली आणि वाजवली. एकदाच, लांब. मैदानात चूक झाली की वाजवायचा तशी.

एवढे दिवस मी जी शिट्टी ऐकायला जीव टाकत होते, ती वाजली, आणि चूक माझी होती.

मी टेम्पोपासून सगळं सांगून टाकलं आणि निकाल झाला. गाव त्या सालापुरतं बाद. पांढरा कापूस माझ्या हातानं वेगळा करायचा आणि ज्याच्या पैशाचा त्याला परत द्यायचा. विलायतवाल्याला दलालानं तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, असल्या नियमांच्या देशात मला क्लब नको. संध्याकाळच्या आत बूट, कपडे, बॉल, कोच, सगळं गाडीत बसून गेलं. एका पोरानं बूट द्यायला नकार दिला, तर त्याच्या आईनं ते त्याच्या पायातून ओढून काढले आणि गाडीत फेकले.

बाया मात्र लगेच गेल्या नाहीत. मला वाटलं, बाद झालो म्हणून शिव्या देतील. त्या मैदानाबद्दल बोलल्याच नाहीत. माझी धाकटी जाऊ पुढं आली, तिनं तळातली कवडी उचलली आणि माझ्यापुढं धरली.

"बाई, आमची ओंजळ तुले खाली घालाची लाज नाही वाटली? चोरी केली ते केली. पण आमचं झाकलं काहून?"

दिवसाची मजुरी पिवळी पडलेली असताना त्यांनी त्यातली ओंजळ काढली होती, आणि मी तिची लाज वाटून घेतली होती. त्या एकेक करत गेल्या. जाऊ शेवटी गेली. जाताना तिनं आमच्या आणि तिच्या अंगणामधलं फाटक लोटलं, कडीसुद्धा घातली. फवारणीचा डबा तिच्याच माळ्यावर होता. एवढी एक गोष्ट तिनं मला परत केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोणपाट अंथरून अंगणात बसले. पांढरा एकीकडं, पिवळा एकीकडं. वरून ओतायला अर्धा तास लागला होता. वेगळं करायला किती लागेल याचा अंदाज येईना, कारण लोकांनी हात घालून घालून सगळं एक केलं होतं. सहा वाजून गेले. मैदान गप्प होतं. मी रडत होते का हे कोणी विचारलं तर सांगेन, कापसाचा कचरा डोळ्यांत गेला होता.

बाज करकरली. नवरा बाहेर आला, माझ्यापुढं गोणपाटावर बसला आणि गंजीतून मूठ काढून निवडू लागला. त्याचा हात माझ्यापेक्षा हळू. ऊन ओसरीवर चढलं. मी मान वर केली नाही. मला भीती होती, पाहिलं तर तो उठून आत जाईल.

मग तो बोलला. दिवाळीनंतर पहिल्यांदा, हातातली कवडी निवडता निवडता, माझ्याकडं न पाहता.

"कापसासाठी तू टेम्पो करून पैनगंगेपल्याड गेली. मी तर इथंच होतो, बाजेवर, चार पावलांवर. काय झालं म्हणून एक डाव इचारलं असतं, तर मी सांगतलं असतं."